मे महिन्यातही टिकलेली तुमची एक सवय सांगा (नोकरी, घर आणि तब्येत)

मनीषनगरची_मैना

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

वय ४१. मिहानमधल्या ऑफिसात हिशेबाचं काम. वेळ ९ ते ६, मार्चमध्ये घरी यायला साडेआठ वाजतात. नवरा बुटीबोरीला कारखान्यात, त्याची पाळी दर आठवड्याला बदलते. मुलगी आठवीत, सासूबाई सोबत असतात. गेल्या महिन्यात ऑफिसातर्फे तपासणी झाली, त्यात तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.१ आला. डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात.

१ जानेवारीपासून पहाटे पाचला उठून फिरायला जायला लागले. अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी मुलीला ताप, तेराव्या दिवशी ऑफिसात ऑडिट, आणि ते सुटलं ते सुटलंच.

माझ्या आईला साखर होती. तिच्या पायाची जखम सहा महिने भरली नाही. रोज संध्याकाळी पट्टी मी बदलायचे. जुनी पट्टी कोमट पाण्याने भिजवून हळूहळू सोडवावी लागे, नाहीतर कातडी सोबत यायची. ते आठवलं की अजून पोटात खड्डा पडतो. म्हणून या वेळी मनावर घेतलंय.

मला डाएटचा तक्ता नको. एकच विचारायचं आहे. नोकरी सांभाळून तुमची कोणती सवय निदान एक वर्ष टिकली? म्हणजे मार्चअखेर, लग्नसराई, पाहुणे, दिवाळी आणि मुख्य म्हणजे आपला नागपूरचा मे, हे सगळं ओलांडून? आणि ती का टिकली असं तुम्हाला वाटतं?

फुटाळा_पहाटे

ताई, पहाटेला पर्याय नाही. सहा वर्षं झाली, रोज सव्वापाचला फुटाळा तलावावर असतो. थंडीत हात बधिर होतात तरी असतो. दिवस एकदा सुरू झाला की तो आपला राहत नाही; फोन येतात, साहेब येतात. पहाटेचा तास मागायला कोणी येत नाही. आणि मे महिन्याचं म्हणाल तर तेव्हा पहाटेशिवाय दुसरी वेळच कुठे आहे? आठला ऊन चटके द्यायला लागतं.

अकरा दिवस झाले ना? मग बाराव्याला परत लागा. इच्छा असली की होतं.

दोन_डबे_एक_थर्मास

फुटाळा दादा, आदर ठेवून विचारते. तुम्ही सव्वापाचला फुटाळ्यावर असता तेव्हा तुमच्या घरी डबा कोण भरत असतं?

माझा दिवस सांगते. रात्री ओटा आवरून, भांडी लावून, भाजी निवडून अंथरुणाला पाठ टेकते तेव्हा साडेअकरा झालेले असतात. पाचला उठायचं म्हणजे साडेपाच तास झोप. मी हे वर्षभर केलं. चालणं झालं, पण दुपारी ऑफिसात डोळे मिटायला लागले, मग चहा, चहासोबत समोसा. वजन तीन किलो वाढलं. इच्छा कमी नव्हती, तास कमी होते.

धागाकर्तीने लिहिलंय की मुलीला ताप आला आणि चालणं सुटलं. नवऱ्याचं सुटलं असतं का?

गोकुळपेठकर

+१

स्टेथो_आणि_संत्री

व्यवसायाने डॉक्टर आहे, पण इथे कोणाला तपासलेलं नाही, म्हणून आपल्या डॉक्टरांचंच ऐका. दोन-तीन गोष्टी सांगते.

तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था, ६.५ पासून पुढे मधुमेह. ६.१ वरून मागे येता येतं, हे आधी मनात पक्कं करा. पण सोबत हिमोग्लोबिन तपासलंय का? शरीरात लोह कमी असेल तर हा आकडा आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतो. आणि आपल्या विदर्भात सिकलसेलचं (रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार) प्रमाण मोठं आहे. घरात कोणाला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्यात हा आकडा फसवू शकतो. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर पाहावी लागते.

व्यायामाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० पासूनचं सांगणं असं आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमवणारी हालचाल, आणि आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद लागेल असं काही. पूर्वी म्हणायचे की सलग दहा मिनिटं तरी हवीत. ती अट आता काढली आहे. जिना चढलात तीन मिनिटं, ती धरा. पहाटेचा अखंड तास मिळत नाही म्हणून शून्य करू नका, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

आणि दोन डबे ताईंचं झोपेबद्दल अगदी बरोबर आहे. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप हवी. झोप कापून केलेला व्यायाम दुसऱ्या वाटेने वसूल होतो.

कस्तुरचंद_ते_बर्डी

माझी सवय दोन वर्षं टिकली आहे. राहते इंदोऱ्याला, ऑफिस व्हेरायटी चौकाजवळ. डिसेंबर २०२२ मध्ये मेट्रो आमच्या बाजूला सुरू झाली आणि मी गाडी घरी ठेवली. सीताबर्डी स्टेशनला उतरलं तर ऑफिस अगदी जवळ. मी आधीच कस्तुरचंद पार्कला उतरते आणि उरलेलं चालते. पंधरा-वीस मिनिटं जातात. परत येताना तेच. झाली ३०-४० मिनिटं.

का टिकली? कारण ऑफिसला जावंच लागतं. वेगळं उठणं नाही, बूट वेगळे नाहीत, आज जाऊ की नको हा प्रश्नच नाही.

मे महिन्यात बदल करते, सोडत नाही. तेव्हा सीताबर्डीलाच उतरते, पण सरकता जिना घेत नाही, आणि संध्याकाळी गाडी येईपर्यंत फलाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहते. पाऊस पडला की पुन्हा कस्तुरचंद.

फुटाळा_पहाटे

दोन डबे ताई, तुमचा प्रश्न वाचून काल रात्री बराच वेळ बसलो होतो. डबा बायको भरते. सहा वर्षांत एकदाही हे असं डोळ्यासमोर आलं नव्हतं. आज सकाळी तिला विचारलं, तुला फिरायला जायचं असतं का? ती म्हणाली, तुम्ही विचाराल याची वाट पाहून मी विचारणंच सोडलं होतं.

जास्त लिहीत नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार पोळ्या माझ्याकडे आल्या आहेत.

दोन_डबे_एक_थर्मास

दादा, हे वाचून डोळ्यात पाणी आलं. पोळ्यांचा फोटो टाका, गोल नसल्या तरी चालतील.

इतवारीचा_भाऊ

राजेहो, चालन्याफिरन्याचं सांगून राह्यले सगळे, मी एक सोडल्याचं सांगतो. खर्रा.

माह्यं किराण्याचं दुकान आहे. सकाळी आठ ते रात्री दहा. दिवसाले सहा खर्रे होत होते, धावपळीच्या दिवशी आठ. टपरीवाल्याले सांगावंही लागत नव्हतं. मी दिसलो की तो पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घेऊन घासाले लागे. वीस वर्षं असं चाललं.

पोरीचा वाढदिवस होता. गुपचुप, म्हंजे पानीपुरी, खायले गेलो. ठेलेवाल्यानं पहिली गुपचुप हातात देल्ली आन् ती तोंडातच मावेना. पोरगी हसली, तिले वाटलं बाबा गंमत करून राह्यला. मी दोन बोटानं फोडून खाल्ली तं पान्यानं तोंडाची आग झाली. त्या रात्री आरशासमोर उभा राहून पाह्यलं. उभी तीन बोटं तोंडात जाले पाह्यजेत. माही दोनही नीट जात नव्हती.

मेडिकलच्या डेंटल कॉलेजात दाखोलं. डॉक्टर म्हनाले, गालाच्या आतली कातडी कडक झाली आहे, हे सुपारीनं होते, तंबाखूनं कॅन्सरचा धोका अजून वाढते. आता सोडला तं इथंच थांबू शकते.

कसं सोडलं ते सांगतो. एक, १८००-११-२३५६ या सरकारी नंबरवर फोन केला. फुकट आहे. ते लोक नंतरही फोन करून विचारतात. दोन, दुकानात जायचा रस्ता बदलला. टपरीवरून गेलोच नाही. तीन, शर्टाच्या ज्या खिशात पन्नी राहत होती त्याच खिशात लवंग आन् भाजलेली बडीशोप ठेवली. हात सवयीनं तिथंच जाते, तं त्याले काहीतरी सापडलं पाह्यजे.

सोळा महिने झाले. तोंड पुरं उघडत नाही, ते आता नाही उघडनार. पन पोरगी माह्यासाठी लहान पुरी निवडून मागते.

स्टेथो_आणि_संत्री

भाऊ, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. नुसत्या सुपारीनेही हा आजार होतो, हे कृपया सगळ्यांनी लक्षात घ्या. ‘तंबाखू नसलेली’ म्हणून मुलांच्या हातात सुपारी देऊ नका. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला २००४ मध्येच कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरलं आहे. तोंडात पांढरा चट्टा, तिखट लागताच आग, दोन आठवड्यांत न भरणारी जखम यातलं काही असेल तर दाखवायला उशीर करू नका.

गोकुळपेठकर

इतवारीचे भाऊ, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून आमच्या गोदामात लावू का? पाच पोरं आहेत, पाचही खर्रा खातात.

इतवारीचा_भाऊ

लावा. नाव न टाकता लावा.

सांबारवडी

अवांतर करते, पण खाण्याचं कोणी बोललंच नाही. नागपुरात तब्येतीचा धागा आणि तर्री-पोह्यांचा उल्लेख नाही, हे बरोबर दिसत नाही. मी रविवारी खाते, पोटभर खाते आणि बाकी सहा दिवस आठवत नाही. पूर्ण बंद केले होते तेव्हा रोज आठवायचे.

रोजचं म्हणाल तर चार वाजताची भूक हा खरा प्रश्न आहे. ऑफिसात चार वाजता कोणीतरी आलूबोंडे आणतंच. मी टेबलाच्या खणात स्टीलचा डबा ठेवला आहे, त्यात फुटाणे आणि भाजलेले फल्लीदाणे. साडेतीनलाच मूठभर खाते. चारला बोंडे आले की भूक आधीच निवलेली असते, म्हणून नाही म्हणता येतं. भूक लागल्यावर नाही म्हणणं मला आजवर जमलेलं नाही. आत्ता थंडी आहे तर हरभरा सोलून खा, संत्री खा. रस काढू नका, फोडी खा, चोथा पोटात जाऊ द्या. दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराची, मग आता फेब्रुवारी-मार्चपर्यंत मृग बहाराची. आपल्या गावात फळ शोधावं लागत नाही.

खामल्याचा_खवय्या

सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्याच्या वाचकांसाठी कोणीतरी स्पष्ट करा. मागच्या धाग्यावर एक ताई कोथिंबीरवडीत डाळीचं सांबार ओतून बसल्या होत्या.

बाकी गव्हाच्या पोळीऐवजी ज्वारीची भाकर खा, साखर आपोआप खाली येते.

स्टेथो_आणि_संत्री

खवय्ये, आपोआप नाही. ज्वारीत चोथा जास्त, पोट भरलेलं राहतं, हे खरं. पण भाकरीतही पिष्टच आहे. दोन पोळ्यांऐवजी तीन भाकरी खाल्ल्या तर साखर वाढणारच. ताटात आधी भाजी आणि वरण वाढून घ्या, भाकर शेवटी. आणि जेवल्या जेवल्या चहा नको. चहामुळे जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही. निदान तासाभराचं अंतर ठेवा.

रात्रपाळीचा_पांथस्थ

मी मिहानमध्येच, पण रात्री ९ ते पहाटे ५. या धाग्यावर सगळे पहाटे उठण्याबद्दल भांडताहेत आणि मी त्या वेळी झोपायला निघालेला असतो, म्हणून माझंही लिहितो.

सवय एकच: झोपेची वेळ सुट्टीच्या दिवशीही फार हलवत नाही. सकाळी साडेसहा ते दीड. घरी येताना गॉगल लावतो, डोळ्यावर उजेड पडला की झोप उडते. खिडकीला जाड काळा पडदा. शेवटचा चहा रात्री एकला, नंतर नाही. चहा-कॉफीतल्या कॅफीनचा निम्मा भाग उतरायलाच पाचेक तास लागतात, हे कळलं तेव्हापासून तीनचा चहा सोडला.

उन्हाळ्यात मला उलट सोपं जातं. कुलरच्या आवाजात गल्लीतला भाजीवाला, भोंगा, काही ऐकू येत नाही. वाळ्याचा वास येतो आणि पाच मिनिटांत झोप. पावसाळ्यात कुलर बंद झाला की आठ दिवस झोप लागत नाही, इतकी त्या आवाजाची सवय झाली आहे.

मैना ताई, तुमच्या मिस्टरांची पाळी दर आठवड्याला बदलते, ते सगळ्यात कठीण. त्यांच्या झोपेलाही जपा.

शतपावली_आजी

माझं वय ७२. महालात राहते. ३४ वर्षं शाळेत शिकवलं, तीन मुलं वाढवली, घरात नळ नव्हता तेव्हाही नोकरी केली. मला व्यायामाची वेळ कधी मिळाली नाही आणि मी ती मागितलीही नाही, ही माझी चूक झाली असं आता वाटतं.

पण एक सवय लग्नानंतर सासऱ्यांनी लावली, ती आजपर्यंत मोडली नाही. रात्रीच्या जेवणानंतर शतपावली. शंभर पावलं म्हणायचं, होतात पाचशे. ते अंगणात फेऱ्या मारायचे आणि मला हाक मारायचे, भांडी राहू दे, ये. त्या काळात सासरा सुनेला भांडी राहू दे म्हणतो, याचं वाड्यात फार बोललं जायचं. मे महिन्यात अंगणात पाणी शिंपडून ठेवायचो, पाय भाजू नयेत म्हणून. आता अंगण नाही, गच्ची आहे. मी गच्चीवर चालते.

ती टिकली कारण ती जेवणाला बांधली होती. जेवण कोणी विसरत नाही.

रात्रपाळीचा_पांथस्थ

आजी, नमस्कार करतो.

स्टेथो_आणि_संत्री

आजींनी जे सांगितलं त्यामागचं कारण लिहिते. जेवणानंतर रक्तात साखर चढत असते, त्याच वेळी पायाचे मोठे स्नायू हलले तर ते साखर ओढून घेतात. दहा-पंधरा मिनिटंही पुरतात. उंबरठ्यावर असलेल्या माणसासाठी यासारखं सोपं आणि फुकटचं काही नाही. मैना ताई, तुम्ही एकच निवडणार असाल तर हे निवडा.

लक्ष्मीनगर_लायब्ररी

सवय लागायला २१ दिवस लागतात ना? ताईंचे दहाच कमी पडले.

कस्तुरचंद_ते_बर्डी

२१ दिवसांना आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ जणांवर अभ्यास झाला होता. त्यात एखादी गोष्ट विचार न करता आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसात फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. त्यातलं मला धीर देणारं निराळंच होतं. मधे एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात विशेष फरक पडला नाही. ताईंची गडबड तापाच्या दिवशी झाली नाही, ‘आता मोडलंच’ असं वाटलं तिथे झाली.

मनीषनगरची_मैना

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. आजी, तुमचा मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, मला पण ने.

कालपासून सुरू केलं आहे. इमारतीच्या खाली पार्किंगमध्ये. सासूबाई, मी आणि मुलगी. डॉक्टर ताई, हिमोग्लोबिन तपासायला दिलं आहे. फुटाण्यांचा डबा उद्या ऑफिसात जाईल. पहाटेचं सध्या सोडून देते, त्याचं वाईट वाटून घेणंही सोडते.

दोन_डबे_एक_थर्मास

आणि भांडी?

मनीषनगरची_मैना

राहू देते.

मनीषनगरची_मैना

(साडेचार महिन्यांनी)

धागा वर काढतेय. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपला, म्हणून आता लिहायचा हक्क आहे असं वाटलं.

हिमोग्लोबिन ९.८ निघालं होतं. लोहाच्या गोळ्या सुरू आहेत, जेवणानंतरचा चहा बंद आहे. परवा साखरेचा आकडा ५.९ आला. आमचे डॉक्टर म्हणाले, यातलं किती चालण्यामुळे आणि किती लोह भरून आल्यामुळे ते आज सांगता येणार नाही, सहा महिन्यांनी परत बघू. मला तेवढं पुरेसं आहे.

मार्चमध्ये नऊ रात्री चुकल्या. दहाव्या रात्री पुन्हा गेलो. मे महिन्यात रात्री साडेनऊलाही पार्किंगच्या फरशीतून वाफ यायची. सासूबाईंनी सांगितलं, पाणी शिंपडा. मुलगी बादली घेऊन खाली जायची, आम्ही दहा मिनिटांनी. ओल्या फरशीवर तिघींची पावलं उमटायची आणि दुसरी फेरी येईपर्यंत वाळून जायची. मुलगी ती मोजत बसायची.

नवऱ्याची दुपारची पाळी नसते त्या आठवड्यांत ओटा तो आवरतो. हे मी मागितलं. मागायला तीन आठवडे लागले, बोलायला दोन मिनिटं.

आता खालच्या मजल्यावरच्या दोघीही येतात. त्यातल्या एकीची आई पायाच्या जखमेने अंथरुणावर आहे. पट्टी कशी भिजवून सोडवायची ते मी तिला दाखवून आले.

शतपावली_आजी

बाळ, पावसाळ्यात पार्किंगमध्ये शेवाळ येतं. चुन्याचं पाणी टाकून घासून घ्या, आणि सासूबाईंना रबरी तळव्याच्या चपला घाल.

फुटाळा_पहाटे

आम्ही दोघं रविवारी सहाला तेलंगखेडी बागेपाशी असतो. पोळ्या आता गोल होतात. सासूबाईंना घेऊन या.